मग, काय निघालं?

कांबळे बाई भेटल्या की "कसे आहात" वगैरे काही नाही, पहिलाच प्रश्न यायचा, "मग, काय निघालं?" भाजी मंडईत मी मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत असायचो आणि मागून तो आवाज यायचा. बस थांब्यावर, कुणाच्या लग्नात, एकदा तर न्हाव्याच्या दुकानात गळ्याला टॉवेल बांधून बसलो होतो तेव्हा दारातून. मी म्हणायचो, "बाई, अजून काही कळलं नाही." त्या "बरं" म्हणायच्या आणि निघून जायच्या. पुढच्या भेटीत पुन्हा तेच. हे वर्षानुवर्षं चाललं. मला फार राग यायचा. बाईंचा नाही. ज्यांना हे विचारायला हवं होतं ते कधीच कोल्हापूर सोडून गेले होते आणि उत्तराला मी एकटा सापडायचो, याचा.

मी रक्त काढणारा माणूस. प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ. नव्वदच्या दशकात मधुमेहावरचा एक मोठा अभ्यास आमच्या गावात आला, त्यात मला नोकरी लागली. साखर असलेल्या माणसांची घरं शोधायची, चिठ्ठ्या टाकायच्या. ज्यांची चिठ्ठी निघेल त्यांना नाचणी, हरभरा, सोयाबीन आणि मेथी घातलेलं पीठ फुकट द्यायचं. त्यांनी त्याचीच भाकरी खायची. उरलेल्यांनी नेहमीचं खायचं. दोघांचंही रक्त अधूनमधून तपासायचं आणि फरक पडतो का बघायचं. अभ्यास संपला की दुसऱ्या अर्ध्यांनाही तेवढंच पीठ द्यायचं, असं कबूल केलेलं होतं. हे काम मला पटलं होतं. पिठानं साखर उतरते का, हा प्रश्न काही वाईट नव्हता.

पैसे देणाऱ्यांची एक अट होती, की रुग्णांना विचारून अभ्यास करायचा. म्हणून रुग्ण समिती नेमली गेली. तिच्या बैठका एका कार्यालयाच्या हॉलमध्ये व्हायच्या. साखर असलेल्या माणसांच्या बैठकीत गोड चहा आणि क्रीमची बिस्किटं ठेवायचे, यावरून काय ते समजा. आमचे प्रमुख डॉक्टर, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणायचे, समोर बसून तासभर बोलायचे आणि शेवटी घड्याळ बघत विचारायचे, "कुणाला काही शंका?" याला रुग्णांचा सहभाग म्हणायचं.

बाई त्या समितीत होत्या. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, पंधरा-वीस वर्षं साखर असलेल्या, एकट्या राहणाऱ्या. मुलगा जयसिंगपूरला बँकेत होता, तो महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. पांढऱ्या साडीला इस्त्री, खांद्याला पर्स, पर्समध्ये निवृत्तीनंतरही एक खडूचा तुकडा. तो कशाला, असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "सवय." अर्ध्या गल्लीला त्यांनी पहिली-दुसरीत शिकवलेलं, त्यामुळं मिशा पांढऱ्या झालेली माणसंही त्यांच्यासमोर विडी लपवायची. बोलणं शाळेतलं, शुद्ध. फक्त राग आला की कोल्हापूर बाहेर पडायचं.

त्यांची एक सवय सगळ्या गल्लीला ठाऊक होती. काही सांगितलं की समोरच्याकडून ते म्हणवून घ्यायचं. "काय सांगितलं मी? म्हणा परत." दूधवाल्याला, पोस्टमनला, मलाही. पहिल्यांदा मी त्यांचं रक्त घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी मला चप्पल काढायला लावली, हात धुवायला लावले, डाव्या हाताची शीर सापडत नाही, उजव्या हाताची घ्या, असं सांगितलं आणि वर विचारलं, "कुठल्या हाताची?" मी तिशीतला माणूस, चारचौघांत "उजव्या" म्हणालो.

रक्त उपाशीपोटी घ्यायचं असायचं. पहिल्याच सकाळी गल्लीतली निम्मी माणसं चहा पिऊन आली. विचारलं तर म्हणे उपाशीच आहोत. चहाला खाणं म्हणायचं हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. मी डोक्याला हात लावून बसलो. पुढच्या खेपेला बाई माझ्याआधी चौकात येऊन उभ्या. त्यांनी सगळ्यांची ओळ केली, हजेरी घेतली आणि एकेकाला म्हणाल्या, "आ करा." तोंडाचा वास घेऊन चहावाले वेगळे काढले आणि दुसऱ्या दिवशी यायला सांगून घरी पाठवले. शाळेत नखं बघायची तशीच तऱ्हा. माणसं चिडली, पण गेली. अशी शिस्त मला पुढं मोठ्या दवाखान्यांतही बघायला मिळाली नाही.

त्या ओळीत मालन चौगुले असायची. बाईंची शेजारीण, त्यांच्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान. घरात चार म्हशी, आणि हिलाही साखर. दोघींच्या परसांमध्ये एक कमरेएवढी भिंत होती, आणि त्या भिंतीची हकीकत मला मालननंच सांगितली. तिची सासू होती तोवर कांबळ्यांच्या घरातलं काहीही चौगुल्यांच्या घरात गेलं नव्हतं. बाईंचे वडील छप्पन सालानंतर बौद्ध झालेले. सासूच्या लेखी त्यानं काही बदललं नव्हतं. नातवंडं बाईंच्या हाताखाली शिकली, बाईंकडून पाढे घेतले, पण लाडू घेतला नाही. सासू गेली आणि वर्षश्राद्ध झाल्यावर एका सकाळी मालन भिंतीपाशी येऊन म्हणाली, "बाई, तुमच्या मेथीचा वास रोज येतोय. आज द्या की जरा." बाईंनी ताटली भिंतीवर ठेवली. मालननं तिथंच उभ्यानं खाल्ली, आपल्या सुनेच्या देखत. तेव्हापासून भिंतीवरून ताटल्या जायला लागल्या. इकडून भाजी-भाकरी, खर्डा. तिकडून ताक, म्हैस व्याली की खरवस. बाई स्वतः यातलं काही बोलल्या नाहीत. पण मी रक्त घेत असताना भिंतीपलीकडून "ओ बाई" अशी हाक आली की त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी बघितलंय.

आता चिठ्ठ्या निघण्याआधीची समितीतली एक बैठक. सरांनी सांगितलं, एकाच गल्लीतली काही घरं पिठाची, काही बिनपिठाची. एक म्हातारे दूधवाले उठून म्हणाले, "साहेब, ह्ये न्हाय व्हायचं. आमच्यात शेजारच्याला सोडून कोण खातंय? वास गेला की ताट जातंय." सगळे हसले. सरही हसले आणि म्हणाले की अभ्यास शास्त्राप्रमाणं होणार. आणि मग बाई उठल्या. मला वाटलं, त्या म्हाताऱ्याला दुजोरा देतील. त्या म्हणाल्या, "आमच्या गल्लीची जबाबदारी माझी. पिठाचा कणही इकडचा तिकडं होणार नाही." सरांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना त्या टाळ्यांचा आनंद झाला होता, हे मला दिसलं. आयुष्यभर शाळेत शिस्त लावलेल्या बाईंना वाटलं, शास्त्र म्हणजेही एक शाळाच असणार.

चिठ्ठ्या निघाल्या. बाईंचं घर पिठाचं, मालनचं बिनपिठाचं.

पिशवी सगळ्यांना सारखीच मिळायची, घरात माणसं सहा असोत की एक. बाईंना ते पीठ संपायचं नाही. उरलेलं त्या डब्यातून मोजून-मापून काढायच्या, पिशवीत बांधायच्या आणि मी आलो की माझ्या हातात द्यायच्या. मी ते परत गोदामात नेऊन ठेवायचो. एकदा मी न राहवून म्हणालो, "बाई, टाका की एखादी भाकरी पलीकडं. कोण बघतंय?" त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जणू मी शाळेत कॉपी करताना सापडलोय. "मी बघते ना," म्हणाल्या. बाईंच्या या सरळपणाचा कधीकधी वैताग यायचा, खोटं कशाला सांगू.

त्यांनी ताटलीच बंद करून टाकली. पिठाची भाकरी द्यायची नाही, आणि घरात दुसरी भाकरी होत नव्हती. तिकडून येणारा खरवसही नको म्हणाल्या, कारण त्यात गूळ. मालननं पहिल्यांदा हसण्यावारी नेलं. एका सकाळी मी बाईंच्या परसात बसून नळ्यांवर नावं लिहीत होतो. बाई चुलीपाशी भाकऱ्या करत होत्या. मालन भिंतीपाशी आली. हातात रिकामी ताटली होती.

बाईंनी तिला समजावलं. अभ्यास संपला की तुलाही मिळणार आहे, साहेबांनी शब्द दिलाय, तोवर दम धर. वर्गात सांगावं तसं स्वच्छ सांगितलं. फक्त त्या दिवशी "म्हण परत" म्हणाल्या नाहीत.

मालन म्हणाली, "पीठ मागायला न्हाय आलो ओ मी. एक भाकरी मागतोय."

"नाही देता येत, मालन."

मालननं ताटली काखेत धरली. मग म्हणाली, "माझ्या सासूनं तुमच्यातलं कधी खाल्लं न्हाय. मी खाल्लं. आता तुम्हीच देत न्हाईसा."

ती गेली. तव्यावरची भाकरी करपली, तिचा धूर झाला, तरी बाईंनी ती उलटली नाही. मी नळ्या गोळा केल्या आणि निघालो. मला सरांना जाऊन सांगावंसं वाटलं, आणि मी सांगितलंही. सर म्हणाले, "एक्सलंट. अशा दहा बाई हव्यात आपल्याला." मी बाहेर येऊन टपरीवर दोन चहा प्यालो.

पण गल्ली बाईंची नव्हती, गल्ली गल्लीचीच होती. बाकी सगळ्या घरांत पीठ खुशाल इकडून तिकडं जात होतं. बाईंच्या नजरेआड, पदराखालून, पोरांच्या हातून. कुणाच्या मनात पाप नव्हतं. नवीन काही घरात आलं की शेजारी वानवळा द्यायचा, ही रीत. डॉक्टरांनी दिलेलं चांगलं पीठ एकट्यानं खायचं म्हणजे त्यांना चोरी वाटायची.

ते उघडकीलाही कसं यावं? मुंबईहून पाहुणे आले होते, त्यांना घेऊन सर गल्लीत आले. एका बिनपिठाच्या घरात शिरले. घरातल्या बाईनं पाहुण्यांना तसंच कसं पाठवायचं म्हणून जेवायचा आग्रह केला, पाट मांडले आणि गरम भाकरी वाढली. काळपट, मेथीचा वास येणारी. सरांनी घास घेतला आणि थांबले. ती माउली कौतुकानं म्हणाली, "खावा साहेब, तुमचंच पीठ हाय की. शेजारनीनं दिलंय."

मी दारात उभा होतो. हसू येत होतं, म्हणून मी तोंड फिरवलं.

आठवड्यात अभ्यास बंद झाला. कारण दिलं गेलं की रुग्णांनी नियम पाळले नाहीत. तो म्हातारा दूधवाला भर बैठकीत काय म्हणाला होता, हे कुणाला आठवलं नाही. मी आठवण करून दिली तेव्हा सर म्हणाले, तुम्ही तुमच्या नळ्या सांभाळा. उरलेल्या घरांना कबूल केलेल्या पिठाचं काय, असं मी विचारलं. तर आता अभ्यासच नाही, त्यामुळं वाटायला वेगळी परवानगी लागेल, आणि ती मागायला कुणाला वेळ नाही. गोदामात पिशव्यांची थप्पी होती. तिच्यात किडे झाले. बाईंनी कणाकणानं परत केलेलं पीठही त्यातच होतं. शेवटी ते सगळं कुणीतरी कोंबड्यांना नेलं.

बाई सिटी बसनं कार्यालयात आल्या. पहिल्यांदा सर बैठकीत होते. दुसऱ्यांदा पुण्याला. तिसऱ्यांदा भेटले, तेव्हा मी तिथंच होतो. बाईंनी भांडण केलं नाही. त्यांचं मागणं एकच होतं. सरांनी गल्लीत यावं, मालनच्या घरी पाच मिनिटं बसावं आणि आपल्या तोंडानं दोन गोष्टी सांगाव्यात. द्यायचं नाही हा नियम डॉक्टरांचा होता, कांबळे बाईंचा नव्हता. आणि त्या पिठानं काही होतं की नाही, जे काय निघालं असेल ते. "माझ्या तोंडानं सांगून उपयोग नाही," त्या म्हणाल्या, "तिला वाटेल मी सारवासारव करते."

सरांनी ऐकल्यासारखं केलं, घंटी वाजवली आणि कपाटातून एक शाल मागवली. समितीच्या समारोपासाठी आणलेल्या शाली होत्या. "सगळ्या गल्लीत नियम पाळणाऱ्या तुम्ही एकट्या. तुमचा सत्कार करायलाच हवा." नारळही आला. सर उभे राहून शाल उलगडायला लागले.

बाई बसल्या जागेवरून हलल्या नाहीत. "मी काय मागितलं? म्हणा परत."

सर हसले. "बाई, तुमची भावना आमच्यापर्यंत..."

"भावना न्हाय. काय मागितलं मी? म्हणा की."

सरांना म्हणता येईना. त्यांनी खरंच ऐकलेलं नव्हतं. शाल दोन्ही हातांत धरून ते नुसते उभे राहिले, आणि बाई उठून चालत्या झाल्या. मी मागून जिन्यापर्यंत गेलो. मी येतो मालनकडं, असं म्हणालो. त्या म्हणाल्या, "तुम्ही या, चहा घ्या. पण तुमच्या सांगण्यानं काय व्हायचंय? नियम तुम्ही केला नव्हता." तरी मी गेलो. मालननं दारातूनच सांगितलं की धारा काढायच्या आहेत, वेळ नाही.

पुढं सर बदलून गेले. माझी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नेमणूक झाली. आणखी अभ्यास आले, गेले. दोन हजार सालानंतर तर 'लोकसहभाग' हा शब्द सगळ्या फलकांवर दिसायला लागला, तो वाचला की माझं डोकं फिरायचं. मी जुन्या अभ्यासाचे आकडे कुठं मिळतात का म्हणून पत्रं लिहिली, लोकांना भेटलो. अर्धवट अभ्यासाचे आकडे कुणी जपून ठेवत नाही, असं एकानं मला समजावलं. मी बाईंना तसं सांगितलंही. त्यांनी ऐकून घेतलं. आणि पुढच्या भेटीत, "मग, काय निघालं?"

एव्हाना मालनची नजर गेली होती. साखर डोळ्यांत उतरली. आधी धूसर दिसायला लागलं, मग म्हशी विकाव्या लागल्या. ते कळलं आणि त्यानंतर मंडईत बाई भेटल्या, तेव्हा त्यांनी प्रश्न जरा वेगळा विचारला. भाजीवाल्यासमोर, पिशवी खाली ठेवून.

"ते पीठ चांगलं होतं का नव्हतं, एवढंच सांगा. नसेल तर मी तिचं काही बुडवलं नाही. असेल तर बुडवलं. दोन्हीतलं एक काहीतरी सांगा."

मी काय सांगणार? एका भाकरीनं कुणाचे डोळे जातही नाहीत आणि राहतही नाहीत, असलं काहीतरी बोललो. त्या म्हणाल्या, "हे तुम्हाला वाटतंय. ते शोधायलाच तर आला होता की तुम्ही."

बाईंना मी शेवटचं बघितलं ते दवाखान्यातच. प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. मालनची सून माहेरी गडहिंग्लजला गेलेली, म्हणून बाई तिला धरून घेऊन आल्या होत्या. उपाशीपोटीचं रक्त देऊन झालं होतं. आता खायचं आणि दोन तासांनी पुन्हा द्यायचं. मालनच्या मांडीवर तिचं स्वतःचं फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. बाईंनी डबा उघडून दोघींच्या मध्ये ठेवला होता. काळपट भाकरी. मेथीचा वास मला दारातच आला. ते पीठ त्या आता स्वतः गिरणीतून दळून आणत होत्या.

मालननं माझा आवाज ओळखला. "रक्तवालं न्हवं का तुम्ही?" मी हो म्हणालो आणि शेजारी बसलो. ती समोर भिंतीकडं बघत म्हणाली, "मग, काय निघालं ओ त्या पिठाचं?"

बाई माझ्याकडं बघत होत्या. इतकी वर्षं जे दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवं होतं ते मी सांगितलं. "काही निघालं नाही, मावशी. अभ्यास अर्ध्यातच बंद केला. आणि कुणाला द्यायचं नाही हा नियम आमचा होता. बाईंचा नव्हता."

"ते बाईंनी मला कवाच सांगितलंय," मालन म्हणाली. "आणि मला ते खरंबी वाटलंय. नियम तुमचाच हुता. पर न्हाय म्हणायला भिंतीपाशी ह्याच उभ्या हुत्या की."

बाईंनी डब्यातली भाकरी घेतली, मधोमध मोडली आणि अर्धी मालनच्या हातात ठेवली. मालननं ती परत दिली नाही. खाल्लीही नाही. अंगठ्यानं तिची कड चाचपत बसून राहिली.

आतून मला हाक आली. नळ्या लावून, यंत्र चालू करून मी बाहेर आलो तोवर दोघी उठल्या होत्या. बोळातून डोळ्यांच्या विभागाकडं चालल्या होत्या. बाई पुढं, पर्स खांद्याला, हातात डबा. मालनचा एक हात त्यांच्या खांद्यावर. दुसऱ्या हातात ती अर्धी भाकरी तशीच होती.